बुफे शंभर पदार्थांचा, ताटात भात!

क्रूझ म्हणजे फुल्टू खादाडी, असं सगळेच सांगतात. पण गव्हाचा कणही चालत नसेल, तर? आर्वीच्या भाकरीवर वाढलेल्या एका सिलिअॅक मुलीच्या समुद्रावरच्या चार रात्री...

सकाळचे साडेआठ. जहाजाच्या अकराव्या मजल्यावरचा बुफे. काचेबाहेर मलाक्काची सामुद्रधुनी, तासाभरात पेनांग येणार. आणि काचेच्या आत क्रॉसाँ, पॅनकेक्स, वॉफल्स, नूडल्स, पाच-सहा प्रकारचे ब्रेड, इंडियन काउंटरवर गरमागरम पुरी-भाजी आणि उपमा. माझ्या तिन्ही मैत्रिणींच्या प्लेट्स अशा भरल्या होत्या, की जणू उद्यापासून दुष्काळ पडणार आहे. आणि मी? मी दोन उकडलेली अंडी सोलत बसले होते. सोबत एक केळं. साल आपण स्वतः काढायची, आतलं सगळं सेफ, हा माझा प्रवासातला फंडा.

"डाएटवर आहेस का गं?" शेजारच्या टेबलावरच्या एका काकूंनी अगदी मराठीत विचारलं. मी हसून मान डोलावली. सुट्टीच्या पहिल्या सकाळी अनोळखी बाईला आपल्या आतड्याची स्टोरी कोण सांगत बसणार?

तुम्हाला मात्र सांगते.

फॅशन नाही, आजार आहे बॉस!

मला सिलिअॅक डिसीज आहे. ही अॅलर्जी नाही आणि वजन कमी करायचं फॅड तर मुळीच नाही. गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाचं प्रोटीन असतं. ते पोटात गेलं, की माझ्या शरीराची संरक्षण यंत्रणा माझ्याच लहान आतड्यावर तुटून पडते. आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, खाल्लेल्या अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले, की मग तुम्ही बदाम खा नाहीतर बासुंदी प्या, अंगी काहीच लागत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. उपाय एकच. ग्लुटेन बंद. आयुष्यभर.

यातला गव्हाचा हात पकडला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. गव्हाचा संशय त्याला आधीपासून होताच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. अख्खा देश उपाशी, पण या आजाराची मुलं मात्र सुधारायला लागली! युद्ध संपलं, पाव परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला.

आपल्याकडे हा आजार म्हणजे पंजाब-दिल्लीवाल्यांचा, असा समज आहे. तो अगदीच चुकीचाही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात त्याचं प्रमाण १.२३ टक्के निघालं, तर दक्षिणेत फक्त ०.१० टक्के. गंमत म्हणजे या आजाराला पूरक असलेली जनुकं दोन्हीकडे साधारण सारखीच होती. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. आणि आपण मराठी माणसं? आपण बरोब्बर मधोमध! अर्धे भाकरीवाले, अर्धे पोळीवाले. माझं घर तर या दोघांच्या बॉर्डरवरचं.

गव्हाचं सत्त्व

गाव आर्वी, जिल्हा वर्धा. समुद्र महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्याकडचं मोठ्ठं पाणी म्हणजे वर्धा नदी आणि तिच्यावरचं लोअर वर्धाचं धरण. चहूकडे कापूस, सोयाबीन, तूर, मधूनच संत्र्याचे बगिचे. पुलगावहून आर्वीला १९१७ पासून एक छोटीशी नॅरोगेज गाडी यायची, तीही बंद पडली. थोडक्यात, प्रवासाची आमची सगळी हौस एसटीवर.

आजीच्या काळात घरात भाकरी रोजची आणि पोळी सणाची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, झुणका, उन्हाळ्यात आंबील. माझ्या लहानपणापर्यंत गाडी उलटी फिरली होती. शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, रेशनवर गहू मिळायला लागला. शिवाय भाकरी म्हणजे गरिबी आणि पोळी म्हणजे जरा बरं चाललंय, हे एक होतंच. पाहुणा आला की पोळ्या. भाकरी आपल्यापुरती, रात्रीची.

मी लहानपणापासून काडी. रक्त कमी, तोंडात सतत फोड, शाळेच्या प्रत्येक फोटोत पहिल्या रांगेत, कारण उंची नाही. "हिच्या अंगाले काही लागतच नाही वं," हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की ते माझं टोपणनाव ठेवलं असतं तरी चाललं असतं. लोहाच्या गोळ्या चालू असायच्या. हिमोग्लोबिन थोडं वर चढायचं, पुन्हा घसरायचं.

आईने काय केलं? कुठलीही आई करेल तेच. अशक्त पोर म्हणून गव्हाचं सत्त्व करून घातलं. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, वाळवायचा. मग रोज सकाळी दुधात शिजवून, साखर-वेलची घालून, वाटीभर. घरी काढलेल्या या सत्त्वात ग्लुटेन उरतंच. आणि वर्ध्याहून कोणी आलं की गोरसपाक! गाईच्या तुपातला, तोंडात विरघळणारा गोरसपाक म्हणजे आमच्या जिल्ह्याची शान. आहे मात्र गव्हाच्या पिठाचा.

विसाव्या वर्षी पुण्यात आले, मास कॉमला. हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन्ही वेळा पोळ्या, मधल्या वेळेत वडापाव, रात्री सबमिशनच्या नावाखाली मॅगी. दोन वर्षांत वजन ३९ किलो. आर्वीत निदान रात्रीची भाकरी होती, पुण्यात तीही सुटली, म्हणून बहुतेक सगळं एकदम उघडं पडलं. हा माझा अंदाज, डॉक्टरांचा नाही. तीन डॉक्टर झाले, 'स्ट्रेस आहे' झालं, 'नीट जेवत जा' झालं. चौथ्याने टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली, मग एंडोस्कोपी, मग बायोप्सी. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आर्वीला फोन केला. काय खायचं नाही ते सगळं सांगितलं. पलीकडे आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मीच तुले..." वाक्य तिने पूर्ण केलं नाही. मीही नाही.

पहिला घाणा

तुम्ही म्हणाल, मग यात काय कठीण? ज्वारी आहे, तांदूळ आहे, बाजरी, नाचणी, डाळी, बेसन, राजगिरा सगळं आहे. आर्वीत तर ग्लुटेन-फ्री जेवण घरोघरी शिजतं, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही! बरोबर. पोळी लाटता येते ती ग्लुटेनच्या चिकटपणामुळे, आणि भाकरी थापावी लागते ती ज्वारीत तो चिकटपणा नसतो म्हणून. म्हणजे माझं औषध आईच्या तळहाताखालीच होतं.

पण गोची वेगळीच आहे. प्रश्न पदार्थाचा नसतो, तो कशाला लागून आला याचा असतो. चक्कीवर आधी कोणाचे गहू दळले आणि मागोमाग आमची ज्वारी टाकली, की जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ आमच्याच डब्यात येणार. आई सकाळी चक्की उघडायच्या आत डबा घेऊन उभी राहायला लागली, म्हणजे पहिला घाणा आपला. पण आदल्या रात्रीचा शेवटचा घाणा गव्हाचा असला तर? चक्कीवाले दादा वैतागले. "काकू, एवढ्याशानं काय होते?" शेवटी घरघंटी घेतली. तवा वेगळा केला, त्याच्या कडीला लाल दोरा बांधला. परात वेगळी. कुरडया बंद, कारण त्याही गव्हाच्या चिकाच्या. आणि एक दिवस चष्मा लावून आई हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचत होती. बाजारातल्या बहुतेक हिंगांत गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. हिंगात गहू! इतकी वर्षं रोजच्या वरणात! त्या दिवशी ती ओट्याला टेकून नुसती उभी राहिली.

आता 'एवढ्याशाने' खरंच काय होतं? पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही, आपल्या एफएसएसएआयचाही हाच नियम आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिअॅक असलेल्या लोकांना तीन महिने रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तर तेवढ्यानेही आतड्यावर परिणाम दिसला. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये याच्या सुमारे चाळीस पट ग्लुटेन असतं. म्हणजे एक स्लाइस सोडा, त्याचा चुराही महागात पडतो.

हे लग्नाच्या पंगतीत मावशीला कसं समजवायचं? ती पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवून माझ्या तोंडाशी आणते आणि म्हणते, "घे वं माय, एक घास. काही नाही होत." तिच्या डोळ्यांत खरंखुरं प्रेम असतं. आणि नाही म्हटलं की मी पुण्याला जाऊन शिष्ट झालेली पोरगी.

'मॅडम, जैन टाकू का?'

तर अशा माणसाने क्रूझला जाऊच नये, असं माझंही मत होतं. पण कॉलेजच्या आम्ही चौघी. तिशी पुढच्या वर्षी दारात उभी. 'तीसच्या आत एक क्रूझ' हे थर्ड इयरला कँटीनच्या टिश्यूवर लिहिलेलं वचन. मुंबईहूनही आता पर्याय आहे, २०२१ पासून कॉर्डेलियाचं जहाज गोवा-लक्षद्वीपला नेतं. आम्हाला सिंगापूरचं पॅकेज बजेटात बसलं : सिंगापूर, पेनांग, फुकेत, परत सिंगापूर. चार रात्री.

एजंटला मी ग्लुटेन-फ्री म्हटलं. तो दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, "मॅडम, जैन टाकू का? जैन सगळीकडे मिळतं."

मी हसले, पण नंतर विचार करत बसले. 'जैन' म्हटलं की कांदा, लसूण, बटाटा नाही, हे भारतातल्या कुठल्याही केटररला कळतं. त्यात कोणी 'थोडासा कांदा चालेल ना?' असं विचारत नाही. कारण त्यामागे श्रद्धा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. ग्लुटेन-फ्री म्हटलं की डोळ्यांसमोर जिम येते. टेनिसस्टार जोकोविचने २०१३ मध्ये ग्लुटेन सोडण्यावर पुस्तकच लिहिलं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून तर आजीची ज्वारी कॅफेत 'मिलेट' होऊन बसलीय. मला आनंदच आहे. आज पुण्यात मला ब्राउनी मिळते ती या हौशी मंडळींमुळे. पण वेटर मला सीरियसली घेत नाही, तोही त्यांच्यामुळेच. आणि ज्वारीचा पिझ्झा बेस म्हणून जो मिळतो, तो ताणला जावा म्हणून त्यात बऱ्याचदा मैदा असतो. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

क्रूझ कंपनीला मी तीन मेल केल्या. तिन्हींना एकच उत्तर : आपली विनंती नोंदवण्यात आली आहे. नियम वाचले तर घरी शिजवलेलं अन्न जहाजावर न्यायला बंदी, फक्त सीलबंद पाकिटं चालतील. केबिनमध्ये किटली नाही, इंडक्शन नाही, राइस कुकर नाही, आगीची भीती. इकडे आईने तोपर्यंत कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून पुण्याला पोचवलीसुद्धा होती. चौघींनी मिळून त्या सिंगापूरच्या हॉटेलात पहिल्याच रात्री संपवल्या, खिडकीतून दिसणाऱ्या त्या झगमगाटाकडे बघत. ट्रिपमधलं बेस्ट जेवण, असं एकीने तेव्हाच जाहीर केलं. विमानात आधी कळवून मागितलेलं ग्लुटेन-फ्री मील आलं होतं. तांदळाची एक कोरडी चकती आणि फळं. असो.

वेंगुर्ल्याचा माणूस

जाणकार सांगतात, की जहाजावर चढल्या चढल्या मुख्य डायनिंग रूम गाठा आणि हेड वेटरला भेटा. बुफेवर अवलंबून राहू नका. कारण बुफेत एकाच चिमट्याने लोक आधी ब्रेड उचलतात आणि मग सॅलड. मी गेले. नेमप्लेटवर आडनाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, "तुम्ही कुठले?"

"वेंगुर्ला," तो म्हणाला. चाळिशीचा असेल. "तुम्ही?"

"आर्वी. वर्ध्याजवळ."

"सेवाग्रामचं वर्धा?"

कोकण आणि गोव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर नोकऱ्या करत आलीत, हे ऐकून माहीत होतं. समोर उभं राहिल्यावर जे बरं वाटलं, ते वेगळंच. मी इंग्रजीत छापलेलं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "ताई, रागावू नका. हे आवड म्हणून आहे, की आजार म्हणून?"

"आजार म्हणून."

"मग ठीक. मग मी वेगळं लिहितो." त्याचं म्हणणं असं, की ग्लुटेन-फ्री मागणारे बरेच जण रात्री मजेत चॉकलेट केक खाताना दिसतात. मग किचनमधली पोरं ढिली पडतात. त्यांचंही काय चुकलं?

त्या रात्रीपासून सिस्टिम ठरली. जेवण झालं की तो दुसऱ्या दिवशीचा मेनू आणणार, मी खुणा करणार, किचन माझं वेगळं करणार. पहिल्या रात्री भोपळ्याचं सूप होतं. मी विचारलं, "यात मैदा आहे?" तो म्हणाला, "मला माहीत नाही. विचारून सांगतो." गेला. दहा मिनिटं गेली. मैत्रिणींची सूप्स गार व्हायला लागली, कारण त्या बिचाऱ्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. या दहा मिनिटांबद्दल कोणी लिहीत नाही! आजाराचं दुखणं सहन होतं हो, पण चार जणांची संध्याकाळ आपल्यापायी अडकलीय, हे फीलिंग वाईट. तो परत आला. "नका खाऊ. सूपच्या बेसमध्ये गहू आहे."

मग मला काय मिळालं? वेगळ्या पॅनमधला मासा, भाजलेला बटाटा, वाफवलेल्या भाज्या आणि भात. ग्लुटेन-फ्री ब्रेड होता, तो थर्माकोलचा सख्खा भाऊ. दुसऱ्या दिवशी दुपारी हिंग न घालता केलेली डाळ आली, लसणाची फोडणी दिलेली. ती मी चमच्याने प्यायले.

तळणीचं तेल

दुसरा दिवस पेनांग. खाण्यापिण्याचं माहेरघर. रस्त्यावरच्या गाड्यांवर तव्यात तांदळाच्या नूडल्स नाचत होत्या. तांदळाच्या! पण वरून सोया सॉसची धार. आणि नेहमीचा सोया सॉस सोयाबीनबरोबर गव्हाचाही असतो. आर्वीत चहूकडे सोयाबीन बघत वाढलेल्या मुलीला हे आतडं बिघडल्यावर कळलं. मी दिवसभर पपई, अननस आणि बॅगेतली राजगिऱ्याची चिक्की यांवर काढला. संध्याकाळी बोटीवर परतले तेव्हा पोटात कावळे नाही, गिधाडं ओरडत होती.

पूलजवळच्या काउंटरवर फ्रेंच फ्राइज दिसल्या. बटाटा, तेल, मीठ. मी विचारलं. विचारलं बरं का! "ग्लुटेन-फ्री?" काउंटरवरचा मुलगा गोड हसला. "येस येस मॅडम, नो प्रॉब्लेम!" एरवी मी तेलाबद्दलही विचारते. त्या दिवशी नाही विचारलं. दिवसभर प्रश्न विचारून माणूस थकतो, आणि कोणी हसून 'हो' म्हटलं की विश्वास ठेवावासा वाटतो. अर्धी प्लेट संपली तेव्हा बघितलं, की त्याने ब्रेडक्रम्ब्ज लावलेले चिकनचे तुकडे त्याच कढईत सोडले.

रात्र केबिनच्या बाथरूममध्ये गेली. डिटेल्स देत नाही. प्रत्येकाचा त्रास वेगळा असतो, काहींना तर काहीच जाणवत नाही आणि आतल्या आत नुकसान होत राहतं. मला जाणवतं. सकाळी फुकेत आलं. मी ते गोल खिडकीतून पाहिलं, हिरवं, ओलं, अगदी जवळ. दोघी उतरल्या, मीच त्यांना ढकललं. तिसरी हट्टाने थांबली आणि दिवसभर माझ्याशी रमी खेळत बसली. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी लागते आणि या त्रासावर त्याच्याकडेही औषध नसतं. ओआरएसची पाकिटं माझ्या बॅगेत होती.

दुपारी दारावर टकटक झाली. वेंगुर्लेकर. मी डायनिंग रूममध्ये दिसले नाही म्हणून मैत्रिणीला विचारून आले होते. हातात झाकलेला बाउल. "इथे सकाळी चायनीज पॅसेंजर काँजी खातात. आमच्याकडे पेज म्हणतात. तांदूळ, पाणी, मीठ. बाकी काही नाही, मी उभं राहून बघितलं." मग जाता जाता म्हणाले, "ती फ्राइजची गोष्ट मी शेफला सांगितली. त्या पोराला नाव विचारू नका, नवा आहे. त्याला वाटलं बटाटा म्हणजे बटाटा."

पेज पिताना मला मावशी आठवली. तीच पुरणपोळीवाली. ती, चक्कीवाले दादा आणि तो काउंटरवरचा मुलगा, तिघंही मनाने चांगली माणसं. तिघांचंही वाक्य एकच : काही होत नाही. गेल्या सहा वर्षांत मी ज्यांच्या हातचं न घाबरता खाल्लं, ती माणसं मोजकी आहेत, आणि त्यांचं वाक्य वेगळं आहे : मला माहीत नाही, विचारून सांगतो. हॉटेल फाइव्ह स्टार आहे की नाही, मेनूवर ग्लुटेन-फ्रीचं हिरवं चित्र आहे की नाही, हे मी आता बघतच नाही. वेटर 'माहीत नाही' म्हणतो का, एवढंच बघते. म्हणाला, तर मी बसते.

जाताय? मग हे वाचा

तुम्ही किंवा तुमच्या ऑफिसातलं कोणी या बोटीत बसलेलं असेल तर दोन शब्द. ग्लुटेन-फ्री जेवणाचं बुकिंगच्या वेळी लेखी कळवा आणि जहाजावर पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष भेटून पुन्हा सांगा, कारण मेल वाचणारा आणि मासा भाजणारा वेगळा असतो. नुसतं 'ग्लुटेन-फ्री' न म्हणता 'सिलिअॅक, मेडिकल' म्हणा. डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. तळलेलं, सूप आणि सॉस या तीन गोष्टी विचारल्याशिवाय तोंडात घालू नका, आणि विचारताना 'यात गहू आहे का' इतकंच नाही, तर तेल, पॅन, चिमटा कोणता हेही विचारा. इंडियन काउंटर आपलं म्हणून लाडात येऊ नका, तिथे हिंग आहे. इडली चालेल, पण रवा इडली नाही. बीअर बार्लीची असते, सॉरी. ओट्स स्वतः गुन्हेगार नसले तरी ते बहुधा गव्हाच्या संगतीतून आलेले असतात, त्यामुळे पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलं नसेल तर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुसत्या शंकेवरून गहू सोडू नका! गहू सोडून मग टेस्ट केली तर ती खोटीच निगेटिव्ह येऊ शकते. आधी तपासणी, मग पथ्य.

एक गोष्ट मला कोणी वेळेवर सांगितली नव्हती. घरात एकाला सिलिअॅक निघाला तर आई, वडील, भावंडं, मुलं यांनीही टेस्ट करून घ्यायची असते, कारण तो घराण्यात असू शकतो. भावाची निगेटिव्ह आली. बाबांचीही. आईने केलेलीच नाही. तिचं हिमोग्लोबिन मला आठवतंय तेव्हापासून कमीच आहे आणि 'गॅसेस' तर तिच्या पाचवीला पुजलेत. दर दिवाळीला आमचं यावरून भांडण होतं. "या वयात कायले?" हे तिचं ठरलेलं उत्तर. माझ्यासाठी घरघंटी घेणारी बाई स्वतःसाठी एक रक्ताची बाटली द्यायला तयार नाही. आता कोणाला सांगायचं?

सिंगापूरहून आले आणि पुढच्याच शनिवारी आर्वीला गेले. आई ओट्यापाशी. लाल दोऱ्याचा तवा चुलीवर, म्हणजे गॅसवर, पण आमच्याकडे अजून चूलच म्हणतात. मी फोटो दाखवत होते. पूल, थिएटर, अकरा मजली जिना, शंभर पदार्थांचा बुफे.

"मंग तू काय खाल्लं तिथं?"

"भात. मासा. भात. पेज."

"भातच खायचा होता तं येवढे पैसे कायले घातले?" तिने भाकरी उलटली. फुगली. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "तवा वेगळा होता का वं त्यांचा?"

"पहिल्या दिवशी सांगितल्यावर वेगळा घेतला."

"मंग ठीक."

मी फोन बाजूला ठेवला. "आई, सोमवारी मी इथेच आहे. सेवाग्रामला जाऊन येऊ दोघी? फक्त रक्त द्यायचंय."

तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. वर लोण्याचा गोळा.

"पहिले जेवून घे."